अक्काकडे जायचे पॉइंट

३ जानेवारी, शुक्रवार

काय ग वही, ओळखलंस का? नाही ना? वाटलंच. आठ महिने खणात लोळत होतीस. सूनबाईने पहिल्या पानावर एक ओळ लिहिली होती, तीही तुला सांभाळता आली नाही — चहा सांडला आणि पुसून गेली. मला एक अक्षर येत नाही, पण कुणाच्या शर्टाचं तिसरं बटण कधी तुटलं ते माझ्या लक्षात असतं. तुझ्यात सगळी अक्षरं मावतात, आणि कुणी सांगितल्याशिवाय तुला काही म्हणजे काही आठवत नाही! असो. आता मी सांगत जाईन. मी बोलणार, सूनबाई लिहिणार. मध्ये स्वतःचं काही घुसडायचं नाही असं तिला बजावलंय. ती हसली. हसली हेही लिही.

बातमी अशी, की अक्काचं पत्र आलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. समुद्रापलीकडे राहते, अकरा वर्षं झाली तिला पाहून. डॉक्टर म्हणतात, डोळ्यामागची नस वाळत चाललीय, औषध नाही. अजून दिसतंय. किती दिवस दिसेल सांगता येत नाही — फार तर वर्ष. सूनबाईने वाचून दाखवलं: "मला दिसतंय तोवर एकदा तोंड दाखवून जा. नाहीतर पुढे नुसत्या आवाजावर भागवावं लागेल, आणि तुझा आवाज मला लहानपणापासून सहन होत नाही."

मेली! जायचं म्हणजे जायचं.

५ जानेवारी

विमानाच्या तिकिटाचा भाव काढला. लेक म्हणाला, "आई, एवढ्यात दुकानाला नवा बॉयलर येईल." मी म्हटलं, बॉयलरला बहीण नसते.

आमचं इस्त्रीचं दुकान. तीन टेबलं, एक वाफेचा बॉयलर, वर आमच्या खोल्या. पोट भरतं, कुणापुढे हात पसरावा लागत नाही. पण जाऊन-येऊन तिकिटाएवढी रक्कम एकरकमी? नाही बाई.

६ जानेवारी

आमचं एक गिऱ्हाईक आहे, कंपनीचा माल विकत गावोगाव फिरतो. आम्ही त्याला फिरतीवालाच म्हणतो. आज कपडे न्यायला आला तर त्याच्यापुढे रडगाणं गायलं. तो म्हणतो, "आजी, तिकीट विकत कोण घेतं? प्रवासाचं क्रेडिट कार्ड काढा. नेहमीचाच खर्च कार्डावर करायचा, त्याचे पॉइंट मिळतात. सुरुवातीला तर ढीगभर जास्त देतात. पॉइंट साठले की विमानात बसा."

मी म्हटलं, साबण-सोडा घ्यायचा आणि विमानात बसायचं? तो म्हणाला, "तसंच." हा माणूस खोटं बोलत नाही. कॉलरची घाण सुद्धा आधी सांगतो.

८ जानेवारी

आज मोठ्या बाजारात गेले, एकटी. तिथे सहा बँकांची पोरंपोरी टेबलं टाकून बसलेली. पन्नास वर्षं बाजार केलाय मी — पहिल्या दुकानात कधी घेऊ नये. सगळीकडे विचारावं, तोंड वाकडं करावं, मग परत फिरावं. तसंच केलं. सहाही टेबलांवर विचारलं. सगळी कशी गोड बोलतात! बसा आजी, पाणी घ्या आजी, ओळखपत्र दाखवा आजी, इथे अंगठा टेकवा आजी. सहा ठिकाणी अंगठा टेकवला. सहा वस्तू फुकट मिळाल्या — दोन पिशव्या, बाटली, छत्री, की-चेन, आणि एक उशी. विमानात मानेला लावायची! म्हटलं, उशी आलीच आहे, आता विमान काय लांब नाही.

१३ जानेवारी, सोमवार

नाही. नाही. नाही. नाही. आणि आज दोन नाही एकदम. सहाच्या सहा बँका!

१४ जानेवारी

आमचं खातं आहे त्या बँकेत गेलो, मी आणि सूनबाई. तिथे एक बाई बसते, जाड चष्मा, बारीक आवाज. तिने मशीनमध्ये पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. काहीतरी वाईट सांगायचं असलं की माणसं काहीतरी पुसायला घेतात.

"आजी, आठ तारखेला तुम्ही सहा कार्डांसाठी अर्ज केलेत?"

"छे हो! अर्ज कसले? नुसतं विचारायला गेले होते."

"अंगठा लावलात ना? मग तो अर्जच. प्रत्येक अर्जाची नोंद होते. एका दिवसात सहा नोंदी म्हणजे बँकांना वाटतं, या बाईंना पैशाची फार नड आहे. त्याने गुण कमी होतात."

म्हणजे माणसाला गुण देतात! उधारी किती सरळ फेडतो त्यावर. नऊशेपैकी. सातशेच्या वर असले तर बँक दार उघडते. माझे सहाशे बारा. शाळेतून पहिल्याच दिवशी पळाले — मास्तरांच्या टोपीला हसले म्हणून बाहेर उभं केलं, ती तशीच घरी आले. परीक्षा कसली ती आयुष्यात दिली नाही. तरी या वयात निकाल लागला, आणि नापास!

सूनबाई, हसू नकोस. अक्षर वाकडं येतंय तुझं. मला दिसतं तेवढं.

१५ जानेवारी

काल एक गोष्ट सांगायची टाळली. सहाशे बाराला नुसते सहा अंगठे कारण नाहीत. चष्मेवालीने अजून एक काढून दाखवलं. बॉयलरच्या कर्जाचे हप्ते, नऊ वर्षांपूर्वीचे. कर्ज माझ्या नावावर. हे दवाखान्यात होते तेव्हा चार महिने हप्ता भरला नव्हता. कुठून भरणार? तेव्हा दुकान बंद, लेक बापाच्या उशाशी, सूनबाई नवी नवरी. हे गेल्यावर एक-एक करून सगळं फेडलं मी. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी देवापुढे नाही, बॉयलरपुढे हात जोडले होते.

पण मशीनमध्ये अजून लिहिलंय — बाकी आहे.

मी म्हटलं, खोटं आहे ते. चष्मेवाली म्हणाली, "मी तुमच्यावर विश्वास ठेवते आजी. पण दाखला लागेल." विश्वास ठेवते म्हणाली! अनोळखी बाई. घरी येईपर्यंत तेच ऐकू येत होतं मला.

१८ जानेवारी

त्या कर्जाचे पैसे मागायला तेव्हा एक माणूस यायचा. दारात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा. आम्ही त्याला वसुलीवाला म्हणायचो, अजूनही तेच म्हणतो. गंमत अशी, की त्याचे शर्ट आजही आमच्याकडे येतात. प्रत्येक गिऱ्हाइकाची माझी दोऱ्याची खूण असते, कॉलरच्या आत — नावं वाचता येत नाहीत म्हणून माझी मीच काढलेली रीत. त्याची खूण लाल दोरा, दोन टाके. त्याला वाटतं लाल रंग शुभ म्हणून. वाटू दे.

आज आला. मी इस्त्री उचललेलीच होती. म्हटलं, "का हो, पैसे सगळे घेतलेत आणि माझं नाव अजून काळ्या यादीत ठेवलंय?"

तो तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. "सगळे फेडले होतेत तुम्ही, आजी. मीच शेवटची पावती फाडली."

"मग?"

"विलंबाचा दंड राहिला असेल. किरकोळ. तो न भरला तर खातं बंद होत नाही. मी सांगायला हवं होतं तेव्हा." मग म्हणाला, "तुमच्या दारात ओरडायची लाज वाटायला लागली होती, म्हणून परत आलो नाही."

घ्या! ओरडायला आला तेव्हा त्रास, नाही आला तर नऊ वर्षांचा त्रास.

२९ जानेवारी

वसुलीवाला स्वतः जुन्या कंपनीत तीन खेपा घालून आला. दंड किती? चार शर्टांच्या इस्त्रीएवढा. चार शर्ट! त्यापायी नऊ वर्षं माझं नाव खराब. मी भरला, त्याने दाखला आणला, शिक्क्यासकट. पैसे देऊ लागले तर घेईना. म्हणाला, "माझ्यावर होतं हे."

त्याची खूण बदलली. आता निळा दोरा. त्याला कळणार नाही. तुला सांगून ठेवलं.

१७ फेब्रुवारी

चष्मेवालीने दाखला वर पाठवला. जुनी नोंद मिटायला वेळ लागतो म्हणाली, पण मिटेल. तोवर एक युक्ती सांगितली. बँकेत ठेव ठेवायची, त्या ठेवीवर साधं कार्ड मिळतं. पॉइंट नाहीत, विमान नाही. नुसती सवय दाखवायची — थोडं वापरा, वेळेवर भरा. कार्डावर दहा रुपयांची मुभा असली तर तीनच वापरायचे, त्याच्या वर जायचं नाही. सहा महिन्यांत गुण चढतात.

ठेवीला पैसे कुठले? आहेत. माझ्या शेवटच्या सोयीसाठी डब्यात वीस हजार ठेवलेत, लेकाच्या मानगुटीवर खर्च नको म्हणून. आज ते काढले. लेकाचा चेहरा पडला. "आई, ते पैसे..."

"अरे, मरायचे पैसे फिरायला लागले तर बिघडलं कुठे? मेल्यावर कुठेतरी पाठवणारच होतास मला."

सूनबाईने तोंडाला पदर लावला. हसली की रडली कळलं नाही. लिहिणारीने स्वतःच लिहावं.

(हसले. — सू.)

आगाऊ!

५ मार्च

कार्ड आलं. निळं, गुळगुळीत. माझं नाव उठावाचं आहे त्यावर, बोटाला लागतं. चारदा बोट फिरवलं. असं दिसतं होय माझं नाव.

२० मे, मंगळवार

मध्ये तुला विसरले. चूक माझी, तू मात्र आठवण केली नाहीस.

आज बँकेत गुण विचारायला गेले मोठ्या तोऱ्यात. अडीच महिने कार्ड वापरलं, एकदाही उशीर नाही. चष्मेवाली बघते तर गुण जेमतेम दहाने हललेले! ती पण चक्रावली. मग म्हणाली, "आजी, तुम्ही बिल कधी भरता?"

मी सांगितलं — साबण घेतला की त्याच दिवशी बँकेत येऊन तेवढे पैसे भरून टाकते. उधारी घेऊन रात्री झोप येत नाही मला. बॉयलरनंतर तर नाहीच.

तिने कपाळावर हात मारला. "अहो, बिल निघतं तेव्हा तुमच्या कार्डावर शून्य दिसतं! म्हणजे तुम्ही वापरलंच नाही असं होतं. जरा उधारी दिसू तरी द्या. बिल येऊ द्या, मग पंधरा दिवसांत भरा."

म्हणजे चांगुलपणा दाखवायचा तर आधी उधारी दाखवायची. अडीच महिने फुकट! आणि तिकडे अक्काचे डोळे थांबणार आहेत का माझ्यासाठी?

रस्त्यात बसले एका पायरीवर. सूनबाई पण बसली. माझ्यावर छत्री धरून बसली. ती सहांतली फुकटची छत्री. या पोरीला देवाने गप्प बसायची अक्कल दिलीय, ती मला दिली नाही. बरंच झालं, दोघी गप्प असतो तर घर सुतकी वाटलं असतं.

२४ मे

अक्काचं पत्र. बरी आहे. बागेत टोमॅटो लावलेत. ऊन छान आहे म्हणते. "सावकाश ये, घाई नको," असंही लिहिलंय. अक्का आणि घाई नको? लग्नाच्या मांडवात भटजींना आवरा म्हणणारी बाई! वय झालं तिचं.

११ जून

पहिली रात्र उधारी ठेवून झोपायची. साबण आणि हँगर घेतलेत कार्डावर, पैसे डब्यात तयार, पण भरायचे नाहीत. दोनदा उठले. सूनबाई पलीकडच्या खोलीतून ओरडली, "आई, झोपा! पैसे कुठे पळून जात नाहीत."

१२ जुलै

बिल आलं, भरलं. आता झोप लागते. उधारीची सवय होते माणसाला, हे काही चांगलं लक्षण नाही.

३० ऑगस्ट

अक्काचं पत्र. टोमॅटो संपले. माझ्या तब्येतीची चौकशी दोनदा केलीय. डोळ्यांचं काही नाही. मी सूनबाईला म्हटलं, नीट बघ, मागच्या पानावर असेल. नव्हतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सातशे अठरा!!

चष्मेवाली खुर्चीतून उठून काउंटरच्या बाहेर आली आणि माझे दोन्ही हात धरले. रांगेतली माणसं बघत होती, ही म्हातारी कोण. मी म्हटलं, बघता काय, पास झाले मी! एका माणसाने टाळी वाजवली. कशाला वाजवतोय हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

तिथेच प्रवासाच्या कार्डाचा अर्ज केला. एकच. एकाच ठिकाणी. बाजाराची सगळी अक्कल गुंडाळून ठेवली आणि अंगठा टेकवला.

२६ सप्टेंबर

मंजूर! मानेची उशी कपाटातून काढून उन्हात टाकली.

आता अट अशी — नव्वद दिवसांत साठ हजार खर्च कार्डावर झाला, तर ते ढीगभर पॉइंट मिळणार. जायचं तिकीट पुरतं निघेल, परतीचं निम्मं. पण साठ हजार! आमचा साबण-सोडा-वीज सगळं धरून तेवढं होतंय कुठे?

२ ऑक्टोबर

फिरतीवाल्याने युक्ती सांगितली, आणि सूनबाईने गल्लीत पसरवली. शेजारच्या न्हाव्याने खुर्ची घेतली नवी — माझ्या कार्डावर, पैसे रोख माझ्या हातात. चपला शिवणाऱ्याने चामडं घेतलं — माझ्या कार्डावर. समोरच्या शिक्षिकेने चष्मा केला. सगळे आधी पैसे आणून देतात आणि मग म्हणतात, "चला आजी, विमान उडवायला." दुकानात जायचं, मी कार्ड पुढे करायचं, सगळ्यांनी बघत उभं राहायचं. लग्नाच्या खरेदीला निघाल्यासारखं वाटतं.

नऊ वर्षांपूर्वी हीच गल्ली दारं लोटून वसुलीवाल्याचं ओरडणं ऐकत होती. मला वाटायचं, आतून मजा बघतात. आज न्हावी म्हणाला, "तेव्हा काही करता आलं नाही आजी. आमच्याकडेही नव्हतं." एवढंच. मी त्याला म्हटलं, खुर्ची चांगली आहे, पण तुझे हात तेच जुने. तो खूश झाला.

किती माणसांचे उपकार झाले मोजायला बसले तर दोन्ही हातांची बोटं संपली. पायाची घेतली.

९ नोव्हेंबर

साठ हजार दोनशे. शेवटचा खर्च वसुलीवाल्याचा. त्याने पाच नवे शर्ट घेतले. म्हणाला, "इस्त्री तुमच्याकडेच." पाचांनाही निळा दोरा.

१९ नोव्हेंबर

पॉइंट आले. तिकीट निघालं. लेकाने परतीचे उरलेले पैसे नव्या बॉयलरसाठी साठवलेल्या डब्यातून दिले. म्हणाला, "बॉयलरला बहीण नाही." माझंच वाक्य मलाच ऐकवतो! मी दुसरीकडे तोंड केलं.

चष्मेवालीला सांगायला गेले. तिने तिकीट पुन्हा पुन्हा वाचलं. मी तिची शाल मागून घेतली, धुऊन-इस्त्री करून परत दिली. पैसे घेतले नाहीत. तिने आग्रह केला असता तर भांडले असते.

४ डिसेंबर, गुरुवार

उद्या निघते. वही, तू इथेच राहा. सूनबाईपाशी. लिहिणारी तीच आहे, तू माझ्याबरोबर येऊन कोरीच राहशील. बॅगेत उशी, स्वेटर, अक्कासाठी माझ्या हातची इस्त्री केलेली सहा सुती पांघरुणं. तिला चुरगळलेलं पांघरूण खपत नाही, पहिली गोष्ट तीच बघेल. मग माझ्याकडे बघेल. मग म्हणेल, किती काळी पडलीस.

म्हणू दे. तिच्या तोंडून ऐकायला एवढा खटाटोप केला.

सूनबाई, तुला काय सांगू? वर्षभर माझ्या तोंडून ऐकत आलीस, एक शब्द कापला नाहीस. हे पण कापू नकोस.

१९ डिसेंबर

फोनवरून सांगतेय. सूनबाई, लिहून घे, रडू नकोस.

अक्काला दिसत नाही. एप्रिलपासूनच नाही. मेपासूनची पत्रं तिची शेजारीण लिहीत होती, अक्का सांगायची. अक्षर बदललेलं तुला पहिल्याच पत्राला दिसलं असणार, आणि तू बोलली नाहीस. तेव्हाच सांगितलं असतंस तर मी कार्ड फेकून दिलं असतं. उपकार झाले ग बाई तुझे.

तिला इथे एकटीला सोडत नाही. तिचं तिकीट माझ्या कार्डावर काढलंय, सहा हप्त्यांत. रविवारी पोचतो, दोघी. खाली दुकानामागची खोली मोकळी कर, उंबऱ्यापाशी पायपुसणं ठेवू नकोस.

आणि लेकाच्या हाती विमानतळावर छोटे डबे पाठव. रस्सा नको, सांडेल असं काही नको. सोललेली उकडलेली अंडी, मऊ पाव कडा काढून, आणि मीठ लावलेले बटाटे, तिच्या मुठीत मावतील एवढेच. एका डब्यात एकच जिन्नस घाल, म्हणजे तिला कुणाला विचारावं लागणार नाही.